एका दाण्यात एक अळी

आमच्या सोसायटीत मी डासांच्या खात्यातून निवृत्त झालेली बाई म्हणून ओळखली जाते. नवीन पनवेलला राहायला आलो त्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, नोकरी कुठे? मी म्हटलं, कॉलेजात, कीटकांच्या प्रयोगशाळेत. दुसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत कीटकांचे डास झाले, आणि तेव्हापासून गटार तुंबलं की लोक माझी बेल वाजवतात. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. खरं काम समजावून सांगायला अर्धा तास लागतो, आणि अर्ध्या तासानंतर समोरचा माणूस ‘अच्छा’ म्हणून मोबाईल बघायला लागतो.

या अंकासाठी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले आहेत. दोन आहेत, ते आधी सांगून टाकते. तिसरा गमतीचा नाही. पण लिहायला बसले ती त्याच्यासाठीच.

आधी काम काय होतं ते. आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या सामंत सरांनी एका कुळातल्या पतंगांचा ध्यास घेतला होता. पतंग म्हटलं की लोकांना दिव्याभोवती फडफडणारं ढब्बं पाखरू आठवतं. आमचे पतंग तांदळाच्या दाण्याएवढे. रंग मातकट, नाहीतर गवताच्या काडीसारखा. मागच्या पंखांना झालर, आणि तोंडापाशी म्हशीच्या शिंगांसारखी वर वळलेली दोन टोकं. नुसत्या डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही, कोंडा उडाल्यासारखं वाटतं. पण पानाला जरा धक्का लागला की यातले काही उडून न जाता जागच्या जागी गरागरा गिरक्या घेतात. म्हणून लॅबमध्ये आम्ही त्यांना भिंगऱ्या म्हणायचो. शास्त्रीय नावं सरांच्या तोंडी शोभायची.

प्रत्येक भिंगरीचं एखादं ठरलेलं झाड असतं. कुणाची अळी चिकूची कळी पोखरते, कुणाची आंब्याचा कोवळा शेंडा. एक भुईमुगाच्या पानात पातळ बोगदा करून राहते. बटाटा, टोमॅटो, कापसाचं बोंड, सगळ्यांना कुणी ना कुणी आहेच. सरांना शोधायचं होतं की आपल्या पनवेलच्या परिसरात कोणती भिंगरी कोणत्या झाडावर राहते, आणि कुठून कुठपर्यंत सापडते. त्यासाठी पतंग पकडून भागत नाही. अळी असलेलं पान किंवा फळ आणायचं, डब्यात ठेवायचं, अळी खाऊन-पिऊन कोषात जाऊन तिचा पतंग होईपर्यंत सांभाळायचं. मगच खात्रीनं म्हणता येतं की हा या झाडाचा. हे सांभाळायचं काम माझं.

माझ्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे असत, झाकणाला भोक पाडून त्यावर मलमल ताणलेली. रोज सकाळी पहिलं काम डबे बघणं. पतंग निघाला असेल तर त्याला बाटलीत घेऊन मारायचं, केसाएवढ्या बारीक सुईवर लावायचं आणि भिंगाखाली त्याचे पंख पसरायचे. श्वास रोखून करायचं काम. जोरात सुस्कारा सोडला तर पतंग टेबलाच्या पलीकडे. मग त्याच्या खाली नखाएवढी चिठ्ठी: ठिकाण, तारीख, यजमान वनस्पती, आणि शेवटच्या ओळीत गोळा करणाऱ्याचं नाव. ते माझं. लॅबमधल्या लाकडी पेट्यांमध्ये अशा चिठ्ठ्या ओळीनं आहेत. माझ्या हाताला जे काही वळण होतं ते सगळं त्या पेट्यांत आहे. त्याचा मला अभिमान होता. आहे असं म्हटलं तरी खोटं होणार नाही.

आता गमती. नवीन पनवेलचेच एक गृहस्थ एकदा स्टीलच्या डब्यातून गहू घेऊन आले. डबा उघडताच चार-पाच पतंग उडाले. गहू गावच्या शेतातला, धाकट्या भावानं पाठवलेला. गृहस्थांना माझ्याकडून कॉलेजच्या कागदावर लेखी हवं होतं की हे पाखरू भावाच्या कोठारातूनच आलेलं आहे. मी म्हटलं, तसं लिहून देता येत नाही, पण तुमच्या घरी धान्य कुठे ठेवता ते बघते. संध्याकाळी घरी जाताना गेले. गव्हाच्या पिंपाला खेटून वर्षभरापूर्वीच्या ज्वारीचं पिंप होतं. त्याचं झाकण उचललं तर आत पतंगांचं गावच वसलेलं. गृहस्थांनी घाईनं झाकण परत लावलं. मग म्हणाले की हे भावाला कळवायची गरज नाही. त्यानंतर वर्षभर ते भाजी मार्केटात मला बघून दुसऱ्या गल्लीत वळत.

दुसरी गंमत पनवेलजवळच्या नेरे गावाकडची. एका फार्महाऊसवर चिकूची नऊ झाडं होती आणि कळ्या पोखरणाऱ्या अळ्या भरपूर. मालक मुंबईत. राखणदाराची बायको माझ्यासाठी गळलेल्या कळ्या डब्यात जमवून ठेवायची, मी शनिवारी जाऊन आणायची. पुढे एकदा मालक आले. कॉलेजातली बाई आपल्या झाडांवरची कीड बघायला दर आठवड्याला येते, हे ऐकून त्यांना वाटलं की झाडांना काहीतरी भयंकर झालंय. पुढच्या शनिवारी गेले तर तिथे सपाट जमीन आणि कोवळं विकतचं गवत. राखणदाराच्या बायकोनं डबा धुऊन परत दिला. मी हे कॉलेजात हसत-हसत सांगितलं होतं. सगळे हसलेही. माझ्या तिथे जाण्यानं ती झाडं गेली, असं तेव्हा मनात येऊन गेलं. मी ते झटकलं.

आता तिसरं.

या कुळातला एक पतंग धान्यावर राहतो. भातावर फार. त्याची मादी दाण्यावर अंडं घालते, अळी सुईच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरते आणि दाणा आतून खात राहते. एका दाण्यात एक अळी. तिचं सगळं बालपण त्या एका दाण्यात जातं. बाहेरून दाणा शाबूत दिसतो. पतंग होऊन ती बाहेर पडते तेव्हा मात्र एक गोल खिडकी राहते आणि हातात येतं ते रिकामं टरफल. निवृत्तीला काही वर्षं राहिली असताना सरांनी मला सांगितलं की आपल्या नकाशावर या पतंगाची पनवेलच्या भातावरची नोंदच नाही. खाडीकडच्या गावांतून जुन्या पद्धतीनं साठवलेलं भात मिळालं तर बघा.

मी गेले. गावं ओळखू येत नव्हती. शेतं संपादनात गेलेली, घरांच्या जागी चकचकीत टाइल्सचे बंगले. भात कुणी पिकवतच नव्हतं, मग साठवणार काय? चौथ्या गावात कुणीतरी म्हणालं, चांगुणाबाईकडं बघा, ती म्हातारी अजून कणगी ठेवते.

चांगुणाबाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. काटक, बुटकी, नऊवारी गुडघ्याच्या वर कसलेली. मुलगा खडी-रेतीचा पुरवठा करणारा, दारात दोन गाड्या. बंगल्याच्या मागे पत्र्याची पडवी होती आणि तिथे शेणानं सारवलेली बांबूची कणगी. घरात तांदूळ पोत्यानं विकत येत होता. कणगीत होतं ते फक्त बियाणं. खाऱ्या जमिनीत, खाडीचं पाणी शेतात शिरलं तरी तग धरणारं तांबडं भात. मी नाव विचारलं. नाव तिला माहीत नव्हतं. ती त्याला ‘आमचा तांबडा’ म्हणायची. सासूकडून तिच्याकडे आलेलं, सासूकडे तिच्या सासूकडून. आजूबाजूच्या गावांत ते संपलेलं होतं. तिची स्वतःची जमीन गेली होती, पण पलीकडच्या गावी तिच्या भावाचा खाडीच्या बांधाआतला एक तुकडा अजून शाबूत होता. मिरगाला ते बियाणं तिथे पेरायचं असं तिनं ठरवलं होतं.

तिनं कणगीचं तोंड उघडलं आणि पतंग उठले. दहा-बारा नाहीत, ढगच. मला फार आनंद झाला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या क्षणी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईचा चेहरा मी बघितलाच नाही. मी बाटली शोधत होते.

ती म्हणाली, “ह्यांना घालवशील का गो बाय?”

मी म्हटलं, घालवते, त्यात काय. तेवढ्यात सून बाहेर आली. या पाखरांनी तिच्या नव्या स्वयंपाकघरात उच्छाद मांडला होता. मुलगा तर हे सगळं खाडीत नेऊन ओतायचं म्हणत होता. शेवटी चांगुणाबाईनंच मार्ग काढला. तिनं सगळं भात दोन पिशव्यांत भरलं आणि मला दिलं. बरं करून मिरगाआधी आणून दे, म्हणाली. मी रिक्षातून उतरून कॉलेजच्या पायऱ्या चढले तेव्हा दोन्ही खांद्यांवर तिचं बियाणं होतं, आणि डोक्यात सरांचा नकाशा.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. हा पतंग दुबळा असतो. त्याला भाताच्या राशीत खोल शिरता येत नाही. कणगीत वरचा वीतभर थर तो खातो, खालचं भात तसंच राहतं. म्हणून पूर्वीच्या बायका वर राखेचा थर देत आणि कणगी हलवत नसत. हे मला ठाऊक होतं. मी परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ते समजावून सांगत असे. आणि तरी मी काय केलं, तर दोन्ही पिशव्या एका पत्र्यावर ओतल्या, वरचं-खालचं सगळं एकत्र झालं, आणि मग ते काचेच्या रुंद बरण्यांत पातळ-पातळ भरून वर मलमल बांधली. म्हणजे रोज निघणारे पतंग मला सहज वेचता यावेत.

त्याच दिवशी ते कडक उन्हात वाळवून, चाळून, हवाबंद करून ठेवायला हवं होतं. चैत्रातलं ऊन होतं, दोन-तीन दिवसांत काम झालं असतं. पण सर खूश झाले होते. स्थानिक तांबड्या भातावर वाढलेली भिंगरी, पनवेलची पहिली नोंद. त्यांना नर-मादींची पूर्ण ओळ हवी होती. म्हणाले, कुंदाताई, घाई करू नका, भरपूर निघू देत. मीही घाई केली नाही. दोष सरांवर ढकलत नाही. ते बियाणं कुणाचं आहे आणि कशासाठी दिलंय, हे त्यांना मी सांगितलंच नव्हतं. मी फक्त ‘नमुना मिळाला’ असं म्हटलं होतं.

रोज सकाळी प्रत्येक बरणीच्या मलमलीखाली वीस-पंचवीस पतंग असत, पुढे-पुढे तर शेकड्यांनी. मी हवे तेवढे घेई. उरलेले आत अंडी घालत. सुईवर लावलेली माझी सगळ्यात सुबक ओळ ती. एका पंखाचीही झालर तुटलेली नाही.

असे चाळीसएक दिवस गेले. मे महिना अर्धा संपला. सर सुट्टीवर गेले आणि लॅब बंद करायचा दिवस आला. दुपारी इमारतीची वीज बंद होणार होती. मी बरणी उचलली आणि ती हातात हलकी लागली. मूठभर दाणे पाण्यात टाकले. निम्म्याहून जास्त तरंगले. तेव्हा पहिल्यांदा मी कॅलेंडर बघितलं. मिरग तीन आठवड्यांवर होता, आणि जे दाणे बुडाले होते त्यातही कितींच्या पोटात अळी होती कुणास ठाऊक.

उन्हात वाळवायला दिवस नव्हते असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. होते. घरी गच्ची होती. पण मला ते त्याच दिवशी, माझ्या हातानं, लॅबमध्ये निस्तरून टाकायचं होतं. कोपऱ्यात गरम हवेची भट्टी होती, काचेची भांडी वाळवायची. दाण्यातली अळी मारायला किती उष्णता लागते ते मला माहीत होतं. कोरडं बियाणं ती सोसतं, ओलसर बियाणं सोसत नाही, तेही माहीत होतं. बरण्यांतलं भात हाताला गार आणि दमट लागत होतं, कारण अळ्या असल्या की धान्याला घाम येतो. मी ते पत्र्याच्या ताटांत पसरलं आणि भट्टीत सारलं. लागतो त्यापेक्षा काटा थोडा पुढे ठेवला, एकही अळी वाचू नये म्हणून. वेळही थोडा जास्त दिला.

बाहेर काढलं तेव्हा खोलीभर उकड्या तांदळासारखा वास सुटला होता. मला तो वास चांगला वाटला. काम झाल्याचा वाटला.

भात निवल्यावर पाखडलं, पोकळ दाणे काढले. जे उरलं ते एका पिशवीत मावलं. दुसऱ्या दिवशी गावी नेऊन दिलं. त्यात एकही पतंग नव्हता. चांगुणाबाईनं मूठ भरून दाणे डोळ्यांजवळ नेले, पिशवी कमी का झाली ते विचारलं नाही. मला सुकटीची पुडी बांधून दिली आणि पुढच्या दिवाळीला नव्या तांबड्याचे पोहे खायला बोलावलं. बिया रुजतात का ते तपासायला आमच्याकडे साधी युक्ती आहे. शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळायचे, आठवडाभरात किती कोंब येतात ते मोजायचं. कॉलेजातला पहिल्या वर्षाचा मुलगाही करतो. ते मी केलं नव्हतं.

दहाएक दिवसांनी सरांचा गावाहून फोन आला. त्यांना अहवालासाठी नुकसानीचं प्रमाण हवं होतं. माझ्याकडे त्या भट्टीतून काढलेल्या भातातली एक मूठ बाटलीत राहिली होती. तेव्हा ते शंभर दाणे मी फडक्यात बांधले आणि घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. तिसऱ्या दिवशी काही नव्हतं. पाचव्या दिवशी मी जुनं बियाणं उशिरा रुजतं असं म्हणाले, माझ्याशीच. आठव्या दिवशी दाण्यांवर बुरशी होती. शंभरातला एकही फुटला नव्हता.

आणि इथे मला ती गोष्ट कळली जी मला अजून झोपताना आठवते. पतंग असं कधी करत नाही. कितीही वाईट लागण झाली तरी तो काही दाणे सोडतो. कुठलीशी मादी तिथवर पोचत नाही, कुठलीशी अळी आतच मरते. शंभरातले वीस म्हणा, दहा म्हणा, राहतात. मी त्या बरण्या तशाच उचलून तिला परत दिल्या असत्या, तरी तिचं वाफाभर भात उगवलं असतं. त्यातून पुढच्या वर्षी दोन वाफे. माझ्या भट्टीनं एकही सोडला नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गावी गेले. जाताना वाक्य ठरवलं होतं: मावशी, चूक माझी आहे. बंगल्याच्या मागे गेले तर चांगुणाबाई पडवीत जमिनीवर बसली होती. खाऱ्या शेतात भात पेरण्याआधी त्याला घरातच मोड आणतात. भिजवून, गोणपाटात बांधून, पेंढ्यात दाबून ठेवतात. समोर ते गोणपाट उघडं होतं. ती आत हात घालून दाणे वर-खाली करत होती, पुन्हा झाकत होती, पुन्हा उघडत होती. किती दिवस झाले, मी विचारलं. तिनं चार बोटं दाखवली. एरवी दुसऱ्या दिवशी मोड दिसतो.

मी तिच्यापाशी बसले. माझं वाक्य तोंडात होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, “पाखरांनी खाल्लं गो आतून. तू तरी काय करशील.”

आणि मी मान हलवली.

एवढंच. तोंडानं खोटं बोलले नाही. तिनं चुकीचं उत्तर माझ्या पुढ्यात ठेवलं, मी ते उचललं. वरून तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला, तुझ्या मेहनतीचं वाईट वाटतं म्हणाली. सुनेनं चहा आणला. बसस्टॉपपर्यंत मुलानं गाडीतून सोडलं आणि वाटेत तो म्हणाला की बरं झालं मॅडम, आता आईचं एक खूळ तरी सुटेल.

सरांना मी कळवलं, तीव्र प्रादुर्भाव, उगवणक्षमता शून्य. अहवालात ते तसंच गेलं. वाचणाऱ्याला वाटेल की शून्य हे पतंगाचं काम आहे.

त्यानंतर दोन वर्षं मी रविवारी-रविवारी तांबडं भात शोधत फिरले. उरणच्या बाजूला गेले, पेणकडे खारेपाटात गेले. एका गावी तांबडं भात मिळालं, मोठ्या आशेनं दोन ओंजळी आणले. चांगुणाबाईनं दाणा दातांखाली फोडला, थोडा वेळ चघळला आणि आपला नाय म्हणाली. माझं मन मोडू नये म्हणून ठेवून मात्र घेतलं. पुढे मी जाणं कमी केलं. मग बंद केलं.

निवृत्त झाल्यावर माणसाला सकाळी डबे उघडायचे नसतात, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. तीन वर्षांपूर्वी, एका दुपारी, मी ठरवून तिच्याकडे गेले. आता ती अंथरुणाला खिळलेली होती. पण डोकं लख्ख, कान बरे. मला बघून तिला आनंद झाला. खाली बस, लांबून आलीस, वगैरे झालं. मी सगळं सांगितलं. बरण्या, चाळीस दिवस, सुईवर लावलेले पतंग, भट्टी, फडक्यातले शंभर दाणे. पतंगानं थोडे तरी ठेवले असते, तेही सांगितलं.  माझं संपल्यावर तिनं विचारलं, “सगलाच घातलास? मूठभर पन मागं नाय ठेवलास?”

मी म्हटलं, नाही. जी मूठ राहिली ती भाजलेल्यातलीच.

तिनं नजर आढ्याकडे वळवली.  मग सावकाश बोलायला लागली. ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण मला ते पाठ आहे.

“माझ्या भावाकडं होता गो चार मुठी. आदल्या साली मीच दिलेला, त्याच्या मडक्यात. त्यात पन पाखरा होती. आपला इथला रुजला नाय तवा मना वाटला, तांबड्यातच जीव नाय ऱ्हायला. पाखरांनी समदा पोकल केला. मी भावाला सांगतला, तुजा पन तसाच असल, ठेवू नको, बाकीच्या भाताला लागल. त्यानी कोंबड्यांना टाकला.”

 ती माझ्याकडे वळली.

“तवाच भट्टीचा बोलली असतीस,” ती म्हणाली, “तर मी तो पेरला असता.”

ती रागावली नव्हती. आवाज चढला नव्हता. मी भट्टी लावली तेव्हा माझ्या हातून चूक झाली होती, आणि चूक कुणाकडूनही होते, अशी समजूत मी इतकी वर्षं घालत आले होते. पण तांबडा भट्टीत संपला नव्हता. तो पडवीत, माझ्या मान हलवण्यानं संपला. त्या सकाळी एक वाक्य बोलले असते तर पलीकडच्या गावी मडक्यातल्या चार मुठी शाबूत होत्या.

मी उठायला लागले. तिनं हातानं बस अशी खूण केली. दुपारच्या जेवणाची वेळ होती आणि तिच्या घरातून या वेळी कुणी उपाशी जात नाही. सुनेनं ताट आणलं. बांगड्याचं कालवण आणि पोत्यातल्या तांदळाचा पांढराशुभ्र, लांब शितांचा भात. मी नको म्हटलं नाही. मला नको म्हणायचा हक्क उरला आहे असं वाटलं नाही. सून आत गेली. खोलीत आम्ही दोघीच होतो आणि मी जेवत होते. चांगुणाबाई कुशीवर झाली, हात गालाखाली घेतला, आणि ताटातलं शेवटचं शीत संपेपर्यंत माझ्या घासाकडे बघत राहिली.